सात नळ्यांचा वाफा

“जमिनीला मालकाचा पाय बरोबर ओळखू येतो,” लोथार म्हणाला, आणि उजवा बूट दाताळ्यावर ठेवून त्याने अंगाचा सगळा भार वाफ्यात दिला.

जमिनीने ओळख दाखवली नाही. बार उडाला, चार दात्यांचं दाताळं उसळून वर आलं, त्याचा दांडा लोथारच्या हनुवटीवर बसला आणि लोथार मागच्या मागे कंपोस्टच्या ढिगात जाऊन बसला. ढीग मऊ होता. गेल्या शरदातली पानं, अंड्यांची टरफलं, कॉफीचा चोथा. त्याच्या पुढच्या दाताचा अर्धा तुकडा कुठे पडला ते मात्र कळलं नाही. तो पुढेही कधी सापडला नाही. रोसविताचं म्हणणं असं की दातात चुना असतो, म्हणजे कोबीचं भलंच झालं.

रोसविता भिजवलेल्या वाटाण्यांचं वाडगं पोटाशी धरून वाफ्याच्या कडेला उभी होती. धूर विरळ झाल्यावर तिने आधी दिराची बोटं मोजली, मग दाताळ्याचे दाते. बोटं दहा होती. दाते साडेतीन.

“सहा राहिल्या,” ती म्हणाली.

कुंपणापलीकडे कुनीचं डोकं वर आलं. कुनी ऐंशीची, एका कानाने ठार बहिरी आणि दुसऱ्याने गावभर ऐकणारी.

“लग्न आहे का कुणाचं?” तिने विचारलं. त्या भागात लग्नाला बार उडवायची पद्धत आहे.

“नाही,” रोसविता म्हणाली. “एगोनचं काम चाललंय.”

एगोन वारल्याला चार महिने झाले होते.

तो रोसविताचा नवरा आणि लोथारचा थोरला भाऊ. ग्रॅनाइटच्या खाणीत त्याने अडतीस वर्षं सुरुंग लावले आणि दहाच्या दहा बोटं घेऊन निवृत्त झाला. त्या डोंगराखालच्या गावात ही दाखवण्यासारखी गोष्ट होती, म्हणून गुत्त्यात तो बिअरचा पेला मुद्दाम दोन्ही हातांनी धरायचा. या यशाचं कारण विचारलं, किंवा नाही विचारलं, तरी तो सांगायचा. खूण आधी, भोक नंतर. सुरुंगाचं प्रत्येक भोक पाडल्यावर त्याच्यापासून बरोबर एक बूट अलीकडे, माणसं ज्या बाजूने येतात त्या बाजूला, तो लाल झेंडी रोवायचा. येणाऱ्याला आधी झेंडी भेटली पाहिजे, मग भोक. हा नियम त्याने बारशांना सांगितला, लग्नांत सांगितला, आणि एकदा पाद्र्याला प्रवचन थांबवून सांगितला. रोसविताला तो इतका पाठ झाला होता की अलीकडे ऐकूच येत नसे.

निवृत्तीनंतर उडवायला काही उरलं नाही, तेव्हा त्याची नजर परसातल्या उंदरांवर गेली. हा उंदीर घरातला नव्हे. आखूड शेपटीचा, जमिनीखालून बोगदे काढणारा, आणि मुळं खाणारा. वरून कोबी ठणठणीत दिसतो, हात लावला की टोपीसारखा उचलून हातात येतो. एगोनने आधी बिळांत पाणी सोडलं. मग धूर सोडला. मग एका उन्हाळ्यात पहाटेपासून तो नुसत्या मोज्यांवर, हातात फावडं घेऊन, पावलाचा आवाज होऊ नये म्हणून दोन-दोन तास पुतळ्यासारखा उभा राहू लागला, आणि मातीची ढेकळं हलली की एका घावात खालच्याचे दोन तुकडे करू लागला. शेवटी त्याने नळ्या आणल्या. वीतभर लांबीची पोलादी नळी, तिच्यात कोरं, म्हणजे गोळीविना नुसत्या दारूचं काडतूस, पुढे चाप. बोगद्यात तोंड करून पुरायची. उंदराने नाक लावलं की आटोपलं. एगोनच्या तोंडावर तरुणपण परत आलं.

रोसविताचा मार्ग शेजाराचा होता. कुणाशेजारी कुणाला लावलं म्हणजे दोघं सुखी राहतात, हे तिने एका वहीत चाळीस वर्षं लिहून ठेवलं होतं. गाजराशेजारी कांदा, म्हणजे एकाच्या वासाने दुसऱ्याची माशी पळते. स्ट्रॉबेरीत लसूण. कोबीच्या कडेने झेंडू. वाटाण्याशेजारी गाजर चालेल, कांदा मुळीच नाही, दोघं एकमेकांचं बघवत नाहीत. एगोन त्या वहीला बालवाडीचं हजेरीपत्रक म्हणायचा. त्यावरून कुणी रोसविताला मवाळ समजू नये. तिचा सलोखा वनस्पतींपुरता होता. बिनशंखाच्या गोगलगायी ती पावसाळी संध्याकाळी शिवणाच्या कात्रीने मधोमध कापायची, प्रत्येकीला आधी नमस्कार करून.

दोघांचं खरं भांडण एका फुलावरून होतं. राजमुकुट म्हणतात त्याला. वसंतात कमरेएवढा दांडा येतो, वर केशरी घंटांचा झुपका, आणि कांद्याला कोल्ह्याचा वास. उंदीर त्या वासाने पळतात, असं रोसविताची आई सांगायची. रोसविताने कुंपणाशी तीन कांदे लावले. लावायची रीतही तिने एगोनला सांगितली होती, दर शरदात एकदा याप्रमाणे चाळीस वेळा. या कांद्याच्या डोक्याला भोक असतं, सरळ लावला तर पाणी भरून कुजतो, म्हणून तो आडवा, मूठभर वाळूवर निजवून लावायचा.

“कांदा निजवायचा कशाला?” एगोन म्हणायचा. “तो काय आजारी आहे?”

त्या तीनांतले दोन उंदरांनी पहिल्याच हिवाळ्यात खाल्ले. एगोनने जेवणाच्या टेबलावर उभं राहून दोघांवर मृत्युलेख वाचला. रोसविताच्या हातात तेव्हा नवलकोल होता. एगोनच्या कपाळावरचा व्रण त्या दिवसाचा. गुत्त्यात तो खाणीत लागलेला दगड म्हणून सांगायचा. पण वाफ्यात एकही राजमुकुट येऊ द्यायचा नाही, हे त्याने त्यानंतर जाहीर केलं, आणि मुकाट्याने पाळलंही गेलं.

अडतीस वर्षं सुरुंगांनी ज्याला हात लावला नाही, तो नोव्हेंबरात दंतवैद्याच्या बाकावर मासिक चाळता चाळता गेला. आत बोलावलं तेव्हा उठला नाही. फेब्रुवारीत रोसविता बियांचे डबे काढायला शेडमध्ये गेली आणि तिला भिंतीवरच्या सात खुंट्या दिसल्या. साती रिकाम्या. सात नळ्या, चाप ओढलेल्या, कुठेतरी वाफ्यात होत्या, आणि कुठे ते ज्याला ठाऊक होतं तो गावाबाहेर दगडाखाली होता.

तिने हे लोथारला सांगितलं होतं. लोथारने तीस वर्षं लोकांना मोटार शिकवली होती, त्यामुळे शेजारचा माणूस नुसता चालत असला तरी त्याचा उजवा पाय ब्रेक शोधायचा. त्याचं मत असं पडलं की चार महिने बर्फाखाली राहिलेलं काडतूस म्हणजे ओली काडेपेटी. पुढचं आपण पाहिलंच.

कुनीने लग्न नाही हे कळल्यावर पोलिसांना फोन केला. दुपारी एक तरुण अधिकारी आला, फरशीवरच उभा राहिला, वाफ्याकडे एक पाऊलही टाकलं नाही आणि अत्यंत अदबीने म्हणाला की शनिवारी दुपारी बारापर्यंत सगळ्या नळ्या काढून दाखवाव्यात, नाहीतर वाफा हातभर खोल खरवडून न्यावा लागेल. लोथारने लगेच आपल्या एका माजी विद्यार्थ्याचं खोदयंत्र फुकट मिळेल म्हणून सांगितलं. माती गेली की वर खडी टाकू. खडीत उंदीर होत नाही, गोगलगाय होत नाही, काहीच होत नाही. मधोमध एक पोलादी बगळा उभा करू, त्याच्या घरासमोर आहे तसा.

रोसविताने वाकून वाफ्याच्या कडेची चिमूटभर माती उचलली. ती लग्न होऊन आली तेव्हा त्या जागी ग्रॅनाइटवर वीतभर काळपट धूळ होती. एक्केचाळीस वर्षं दोघांनी टोपल्या वाहिल्या होत्या. रानातली पानं, गोठ्यांतलं शेण, नदीची वाळू. आता हातभर झाली होती. अधिकारीही बरोबर हातभरच म्हणाला.

तिने वाटाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले. फार तर पाच दिवस टिकले असते.

बुधवारी लोथार मोटारसायकलचं शिरस्त्राण घालून आणि काखेत एक मोठा काळा चेंडू घेऊन आला. नऊ खुंट्या पाडायच्या खेळात तो गावच्या संघाचा कप्तान होता. वाफ्यावरून चेंडू ओळीने घरंगळवत न्यायचा, म्हणजे जिथे नळी असेल तिथे ती आपणहून बोलेल, असा त्याचा बेत होता. दातामुळे त्याचे सगळे ‘स’ शिट्टी होऊन बाहेर पडत होते. दंतवैद्याकडे जा म्हटलं तर तो एवढंच म्हणाला, की आमच्या घराण्याला ते बाक मानवत नाही.

पहिल्या सहा फेऱ्यांत काही झालं नाही. सातव्या फेरीत चेंडू गेल्या वर्षीच्या कोबीच्या बुडख्यांजवळ पोचला आणि तिथून सरळ आकाशात गेला. लोथारच्या मते तो पाच मीटर चढला; कुनीच्या मते आठ. यावर वाद आहे, पण उतरला कुठे यावर नाही. कुनीने जानेवारीपासून काचेच्या पेटीत सॅलडची रोपं वाढवली होती. चेंडू काच फोडून आत गेला, दोन ओळी चिरडून पलीकडच्या फळीतून बाहेर पडला आणि तिच्या दाराशी जाऊन थांबला.

कुनी बाहेर आली. तिने चेंडू उचलला, कुंपणापाशी आली आणि तो लोथारच्या पायावर सोडला.

“तुझा आहे ना?” ती म्हणाली.

अंगठ्याचं हाड मोडलं नव्हतं, नुसतं तडकलं होतं. पाच राहिल्या.

गुरुवारी लोथार घरी पाय वर करून पडला होता. रात्रभर उबदार पाऊस झाला होता आणि परस वाफाळत होतं. रोसविता स्वयंपाकघरात कॉफी ओतत असताना बाहेर बार झाला. वाफ्यात कुणी नव्हतं. मातीला खळगा पडला होता, आणि खळग्याच्या कडेला उंदीर उताणा पडला होता, पुढचे दोन पाय छातीशी घेऊन. नळीने आपलं काम केलं होतं. नेमणूक करणारा गेला, तरी नोकरी चालू होती.

रोसविताने उंदराला फावड्यावर घेतलं आणि दगडी गडग्यावर नेऊन ठेवलं. एगोन तिथेच ठेवायचा, घारीसाठी. मग ती तिथेच उभी राहिली. वारा नव्हता. घार आली, एकदा फिरली, आणि उंदीर घेऊन गेली.

ती आत गेली आणि तिने एगोनचं कपाट उपसलं. खाणीतले नकाशे त्याने जपून ठेवले होते. अडतीस वर्षांतला एकेक सुरुंग, प्रत्येक भोकाला आकडा, प्रत्येक आकड्यापुढे लाल टिंब. त्याखाली परसातल्या मेलेल्या उंदरांची वही, तारीखवार, वजनासकट. वाफ्याचा नकाशा नव्हता. तिने नकाशे झटकून पाहिले, बूट उलटे करून पाहिले, त्याच्या सणाच्या कोटाचे खिसे उसवले. कुणा परक्या मजुराच्या पायाखाली त्याने एक भोक खुणेशिवाय सोडलं नव्हतं. तिच्या पायाखाली सात सोडली होती. दर मार्चमध्ये ती त्या वाफ्यात गुडघे टेकून, उघड्या हातांनी वाटाणे लावते, हे त्याने एक्केचाळीस वेळा पाहिलं होतं.

तिने शेडमधून कुऱ्हाड घेतली. वाफ्याच्या पलीकडच्या टोकाला, गडग्याला पाठ लावून, घराकडे तोंड केलेलं एक बाक होतं. लार्चच्या लाकडाच्या फळ्यांचं, एगोनने स्वतः केलेलं. दोघं संध्याकाळी त्यावर बसायची, ती डाव्या बाजूला, तो उजव्या. तिने उजवी बाजू आधी घेतली. लार्च चिवट असतो. पाठीची फळी तिसऱ्या घावात गेली, बैठकीला मात्र दोन्ही पाय रोवून, अंग मागे टाकून घाव घालावे लागले. ढलप्या वाफ्यात उडाल्या. एक तिच्या गालाला लागून गेली. डाव्या बाजूची एक फळी आणि दोन पाय उरले तेव्हा तिच्या हाताला फोड आले होते आणि कुनी कुंपणापाशी उभी होती.

“सरपण हवं होतं तर मागायचंस,” कुनी म्हणाली. “माझ्याकडे सुकं आहे.”

“एक शब्द बोलला नाही तो,” रोसविता म्हणाली.

“पुरुषच तो,” कुनी म्हणाली. “माझा मरताना ‘खिडकी लाव’ म्हणाला. चोवीस वर्षं मी त्याचा अर्थ लावतेय.”

शुक्रवारी सकाळी रोसविता बाहेर आली ती वासामुळे. आधी तिला वाटलं, कुनीच्या कोंबड्यांवर रात्री कोल्हा येऊन गेला. पण कोंबड्या शांत होत्या आणि वास वाफ्यातून येत होता. ती कडेला पालथ्या बादलीवर बसली, कारण बाक उरलं नव्हतं, आणि मातीकडे बघत राहिली.

पावसाने वरची खपली फुटली होती. तिच्यातून जाड, लालसर-हिरवी नाकं वर आली होती, अंगठ्याएवढी. एक इथे, दोन तिथे, एक पार गाजराच्या बाजूला. कशाचा कशाशी मेळ नाही. शेजाराचा विचार करणारं कुणीही असं काही लावणार नाही. राजमुकुट होते ते. आठ.

तिने कुनीला हाक मारली. वाफ्यात कांदे कुणी लावले, काही पाहिलंस का, म्हणून विचारलं.

“एगोनने,” कुनी म्हणाली. “ऑक्टोबरात. तू तुझ्या बहिणीकडे गेली होतीस तेव्हा. पिशवी घेऊन गुडघ्यांवर रांगत होता दिवसभर. मी म्हटलं, मेला सुधारला वाटतं.”

“हे तू मला सांगितलं नाहीस?”

“तू विचारलंस कुठे? तू कुऱ्हाड चालवत होतीस.”

रोसविता पहिल्या खळग्यापाशी गेली, लोथारचा दात जिथे गेला त्या. कोंब खळग्याच्या अलीकडे होता, घराच्या बाजूला. ती चेंडूच्या खळग्यापाशी गेली. कोंब अलीकडे, घराच्या बाजूला. उंदराचाही तसाच. मग आत जाऊन तिने एगोनचा शेहेचाळीस नंबरचा डावा बूट आणला आणि टाच कोंबाला लावून खाली ठेवला. बुटाचं टोक खळग्याच्या मधोमध आलं. तिन्ही ठिकाणी.

पुढचं काम तिने सूप वाढायच्या चमच्याने केलं. चौथ्या कोंबाला टाच लावली, टोकाशी खूण केली आणि माती चिमटी-चिमटीने बाजूला काढू लागली. वीतभर खाली पोलाद लागलं. काडतुसाच्या तोंडाला मेण होतं, लाल, ख्रिसमसच्या मेणबत्तीचं. पाण्याचा थेंब आत गेला नव्हता. चापाशेजारच्या भोकात खिळा घालायचा म्हणजे तो अडकतो, हे तिने शंभर वेळा त्याच्या खांद्यावरून पाहिलं होतं. पाहणं वेगळं. खिळा भोकाच्या कडेला लागून दोनदा घसरला. कुनी कुंपणापलीकडे चांगल्या कानात बोट घालून उभी होती, आणि कुठलीशी प्रार्थना फार मोठ्याने पुटपुटत होती. रोसविताने तिला गप्प बसायला सांगितलं. तिसऱ्यांदा खिळा गेला.

चारही निघायला दुपार झाली. आठव्या कोंबाला तिने हात लावला नाही; खुंट्या सातच होत्या. काडतुसं पाण्याच्या बादलीत बुडाली. खोदताना कांदेही दिसत होते. खुंट्या ठोकाव्या तसे त्याने ते उभे खुपसले होते, एक तर चक्क तिरपा, वाळू नाही, काही नाही. रोसविताने मान हलवली. नळ्या ती शेडमध्ये घेऊन गेली, फुटलेल्या तीन आणि शाबूत चार, आणि एकेक खुंटीला अडकवू लागली. सातही खुंट्या भरल्या.

शनिवारी दहा वाजता लोथार आला. मागे गाडीवर खोदयंत्र होतं. तीस वर्षं लोकांना गाडी मागे घ्यायला शिकवणाऱ्या माणसाने परसाच्या फाटकाचा उजवा खांब मुळासकट आडवा केला, आरशात पाहिलं, आणि डावाही केला. मग लंगडत उतरला. रोसविताने त्याला शेडमध्ये नेऊन सात नळ्या दाखवल्या, बूट दाखवला, कोंब दाखवले. लोथारने ते सगळं पाहिलं, जीभ दाताच्या खिंडारातून फिरवली आणि कोंब मोजले.

“आठ आहेत,” तो म्हणाला.

“आठ आहेत.”

“खुंट्या सात.”

“सात.”

“मग त्याने आठवी आणली होती. तुला न सांगता.” लोथारने शिरस्त्राण चढवलं. “खूण आधी, भोक नंतर. तो उगीच खूण करायचा नाही. मी यंत्र सुरू करतो.”

आठवा कोंब वाफ्याच्या पार टोकाला होता, बाकासमोर. रोसविताने बूट आणून टाच लावली. टोक बाकाच्या डाव्या बाजूला, तिच्या बसायच्या जागेपुढे आलं, बरोबर तिथे, जिथे गुरुवारी दोन्ही पाय रोवून तिने घाव घातले होते.

तिने बूट उचलून बाजूला ठेवला.

“यंत्र राहू दे,” ती म्हणाली. “बाराला अजून दोन तास आहेत.”

लोथारने बरंच सांगून पाहिलं. एक हात गेला तर वाटाणे कसे सोलणार, इथपर्यंत. मग तो खोदयंत्रामागे जाऊन बसला आणि तिथून एक डोळा बाहेर काढून पाहू लागला. रोसविताने बाकाच्या उरल्या ढलप्या उचलून बाजूला ठेवल्या, गुडघे टेकले आणि चमचा घेतला.

टोकाशी माती निघाली. वीतभर. मग दीड वीत. एक बाटलीचं बूच निघालं. ग्रॅनाइटचा एक खडा निघाला तेव्हा चमचा टण्णकन वाजला आणि यंत्रामागून लोथारचा उजवा पाय बाहेर येऊन हवेत ब्रेक दाबून गेला. पोलाद नव्हतं. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, उलट्या बाजूलाही एक बूट मोजून पाहिलं. कुठे काही नव्हतं. राहिली एकच जागा, कोंबाच्या खाली.

तिने चमचा ठेवला आणि बोटांनी माती सारली. कोल्ह्याचा वास तोंडावर आला. कांदा मुठीएवढा होता, पिवळट, आणि आडवा होता. कोंब त्याच्या कुशीतून वळण घेऊन वर गेला होता. तिने खाली बोट सरकवलं. खाली वाळू होती. नदीची, धुतलेली, मूठभर. एवढीच.

रोसविताने बोट तसंच राहू दिलं. वाळू गार होती. कुनीने कानातलं बोट काढलं.

मग रोसविताने माती परत लोटली. दाबली नाही.

लोथार शिरस्त्राण काढून पुढे आला. त्याने खड्डा पाहिला, कोंब पाहिला, मोडलेलं बाक पाहिलं. त्याने घसा खाकरला, आणि तो घसा खाकरू लागला म्हणजे काहीतरी मोठं येणार हे सगळ्यांना माहीत होतं. त्याने शिरस्त्राण छातीशी धरलं.

“रोसविता,” तो म्हणाला, “माझा भाऊ मनातलं बोलणारा माणूस नव्हता. पण आज ही जमीन, जिला तो—”

“लोथार,” रोसविता गुडघ्यांवरची माती झटकत, बाकाच्या ढलप्यांकडे बघत म्हणाली, “तुझ्याकडे दोन इंची खिळे आहेत का रे? वीस-पंचवीस पुरतील.”